उडत्या घोड्यानं पोरं बिघडतात म्हणे!

खानापूरवाला : काल मास्तरांनी इथं लिहिलं, "२०२३ मध्ये चांद्रयान उतरलं, आणि तुम्ही पोरांना राक्षसाच्या गोष्टी सांगा!" रात्रभर डोक्यात भणभणत होतं, म्हणून लांबण लावतोय. माझी पोरगी सात वर्षांची. राजहंसगड तिनं शंभरदा पाहिलाय, मान वर न करता. राक्षसाची गोष्ट सांगितली त्या पावसाळ्यात गडावर ढग टेकले, तर म्हणते, "बाबा, हळू बोल, तो पांघरूण घेऊन झोपलाय." गड तोच की! 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किननं १९३९ च्या व्याख्यानात हेच मांडलं, रोज बघून मळलेली काच कल्पित कथेनं पुसली जाते.

निवृत्त मास्तर : ढग का टेकतात ते सांगा की पोरीला. अद्भुतच पाहिजे तर तुमच्याच तालुक्यात बारापेडे गुहा आहे. तिथलं राऊटनचं वटवाघूळ शास्त्राला १९१३ मध्ये कळलं, नंतर कैक वर्षं जगात दुसरीकडं सापडलंच नाही. आणि भुताखेतांवर विश्वास ठेवला की काय होतं? माझ्या बहिणीला ताप भरला तेव्हा घरच्यांनी दोन दिवस अंगारे लावले. वाचली, पण एक कान गेला. कर्नाटकानं २०१७ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो हौसेनं नव्हे.

वडगावची मावशी : बहिणीचं वाईट वाटलं. पण मास्तर, वेताळ खोटा हे पोराला ठाऊक असतं, अंगारेवाल्याच्या गिऱ्हाइकाला नसतं. आम्ही चांदोबा मासिकातल्या वेताळाच्या गोष्टींवर वाढलो, कोण भगत झालं? आता मराठी पुस्तकंच मिळत नाहीत, ते बोला.

गोकाककर : चांदोबा तुमचा काय? कन्नडमध्ये १९४९ ला आला, मराठीत १९५२ ला.

वडगावची मावशी : झालं! यातही सीमावाद!

खानापूरवाला : पहिला अंक १९४७ चा, तेलुगू आणि तमिळ. बसा आता दोघंही.

गोकाककर : भांडत नाही हो. आई कन्नड अंक वाचून आम्हाला मराठीत सांगायची, पण 'बेताळ' तसाच ठेवायची. शाळेत 'वेताळ' ऐकला आणि मला वाटलं, हा त्याचा धाकटा भाऊ. चौथीपर्यंत तसंच वाटत होतं.

वडगावची मावशी : आमच्यात त्याला थोरला म्हणतात!

निवृत्त मास्तर : मूळ मुद्दा कुठं गेला? जाऊ दे. त्या वटवाघळाचे कान एवढे मोठे की चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला झाडावरचा वेताळच आठवला. हे मान्य केलं असं कुणी समजू नये.

खानापूरवाला : थोरला की धाकटा, मास्तर?