जिंकणाऱ्या फुटबॉल टीममुळे छोट्या कॉलेजचं काय होतं? (माउंट युनियन, ओहायो)

कोलंबसची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा बारावीत आहे, शाळेच्या टीममधे लाइनबॅकर खेळतो (अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळतात ते नाही) आणि आता त्याने अलायन्सच्या माउंट युनियनचा ध्यास घेतलाय. मी शोधलं तर कॉलेज जेमतेम दोन हजार मुलांचं आणि नॅशनल टायटल 13! स्कॉलरशिपचं विचारलं तर कळलं की डिव्हिजन थ्रीमधे (कॉलेजच्या खेळांचा तिसरा गट, माउंट युनियन त्यातच येतं) खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही, नियमच आहे. टीव्हीचा मोठा पैसा पण नाही. मग कॉलेज एवढा जीव का टाकतं फुटबॉलवर? आणि अशा ठिकाणी अभ्यासाला काय किंमत असते? रात्री झोप लागत नाहीये खरंच, कोणी जवळून बघितलं असेल तर प्लीज सांगा.

कँटनकर:
ताई, मी अलायन्सपासून अर्ध्या तासावर राहतो, बऱ्याच मॅच बघितल्यात. आधी लॅरी केरेस हे नाव लक्षात ठेवा. त्याच कॉलेजात शिकले, 1986 ते 2012 तिथेच कोच, 332 जिंकल्या, 24 हरल्या, 3 बरोबरीत, 11 टायटल. 1996 पासून सलग 54 मॅच जिंकले, मग एक हरले, मग परत सलग 55. म्हणजे 110 पैकी 109! आमच्याकडे डिसेंबरात प्लेऑफच्या दिवशी ॲल्युमिनियमच्या बाकावर बसलं की थंडी पँटमधून आत शिरते, तरी आजोबा मंडळी जांभळी टोपी घालून, मांडीखाली घोंगडी घेऊन पहिल्या रांगेत हजर. अलायन्स छोटं गाव आहे, शनिवारी तिथे दुसरा विषय नसतो. फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक टीमचा कोच निक सिरियानी इथेच शिकला, इथे टायटल जिंकलेल्या टीममधे रिसीव्हर (पास झेलणारा) होता, 2025 मधे त्याच्या ईगल्सने सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची फायनल, जिंकली तेव्हा अख्ख्या देशाने या कॉलेजचं नाव ऐकलं. एवढी जाहिरात पैसे देऊन पण नाही मिळत.

शाईपेन:
मी मिडवेस्टमधल्या एका दुसऱ्या छोट्या कॉलेजात नऊ वर्षं केमिस्ट्री शिकवलं, तर आतली गोष्ट सांगते. पैसा तिकिटातून येत नाही, फीमधून येतो. टीममधे दीडशे मुलं असतील तर ती दीडशे ॲडमिशन आहेत, त्यातली बरीच फुटबॉल नसतं तर त्या कॉलेजात आलीच नसती. छोट्या कॉलेजात मुलींची संख्या जास्त असते, मुलगे मिळत नाहीत, म्हणून कितीतरी कॉलेजांनी गेल्या वीसेक वर्षांत नव्याने टीम सुरू केली. कोच हाच ॲडमिशन ऑफिसचा सगळ्यात कामाचा माणूस, तो घरी येऊन आईशी बोलतो. मग कॉलेज त्याच्या वेळापत्रकावर चालायला लागतं. माझी लॅब चारला असायची, प्रॅक्टिस पण चारलाच, शेवटी लॅब सकाळी आठला गेली. पण ही पोरं आळशी अजिबात नव्हती हं, सीझनमधे उलट जास्त शिस्तीत असायची, पहिल्या बाकावर ओले केस घेऊन बसणारा माझा एक मुलगा आता फार्मासिस्ट आहे. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे, आमच्याकडे कोच सोडून गेला आणि दोन वर्षांत टीम हरायला लागली, तर माझ्या वीसच्या वर्गात तेरा उरले. एवढं एका खेळावर टेकणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

पेनसिल्व्हेनियाचा_पाहुणा:
उलटं उदाहरण आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचं. हजार-दीड हजार मुलांचं कॉलेज, अभ्यासात पहिल्या रांगेतलं, त्यांनी 2000 च्या डिसेंबरात फुटबॉल बंदच केलं, कारण एवढ्याशा वर्गात खेळाडूंसाठी किती जागा धरायच्या हा प्रश्न होता. माजी विद्यार्थी भयंकर चिडले होते. मोठ्या युनिव्हर्सिटीत शंभर खेळाडू कुठे दिसत पण नाहीत, इथे प्रत्येक वर्गात, प्रत्येक मेसच्या टेबलावर असतात, त्यामुळे टीम जशी तसं कॉलेज होतं. ताई, माउंट युनियनमधे तुमच्या मुलासारखे आपापल्या शाळेचे कॅप्टन शेकड्याने येतात. पहिली दोन वर्षं शनिवारी तो मैदानाबाहेर उभा असेल, हे त्याला आत्ताच सांगा.

कँटनकर:
हे बरोबर आहे, पण बाहेर उभी राहणारी पोरंसुद्धा तिथे चार-चार वर्षं राहतात हे मी बघितलंय.

कोलंबसची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. शाईपेन ताई, तुमचा फीचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला, तो बराच वेळ गप्प होता. मुलाला मैदानाबाहेर उभं राहण्याचं सांगितलं तर म्हणाला "माहितीये आई, तरी जायचंय". येत्या शनिवारी कॅम्पस बघायला जातोय. कोचला एकच विचारणार, चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला जेवढी मुलं घेतली त्यातली किती यंदा डिग्री घेणार, खेळणारी आणि खेळ सोडलेली दोन्ही. आणि लॅब किती वाजता असते ते केमिस्ट्री डिपार्टमेंटमधे जाऊन बघते. आल्यावर इथे लिहीन.