सुटी सिगारेट विकली तर दंड?

निपाणीकर: शाळेजवळ पानटपरी आहे, वडिलांपासूनची. आमची अख्खी गल्ली तंबाखूवर जगली. वखारीतल्या खकाण्यानं आई जन्मभर खोकत राहिली, त्यामुळं धोका काय ते पाकिटावरच्या फोटोनं मला शिकवायला नको. पण काल पोरगा म्हणाला, सुटी विकू नका, दंड बसेल. खरं काय?

खानापूरचा: खरंय. कर्नाटकात 2025 पासून नवा कायदा लागू आहे. सुटी विक्री बंद, वयाची अट 18 नाही, 21. शाळेपासून 100 मीटरच्या आत तर काहीच विकायचं नाही. अंतर मोजलंय का?

निपाणीकर: आत्ताच पावलांनी मोजलं. 60 भरली.

चिकोडीवाला: मग टपरीच हलवा की ओ! गिऱ्हाईक म्हणतंय, पलीकडं महाराष्ट्रात, कागलात 18 वर्षांच्याला मिळते. म्हटलं, जा मग कागलाला.