जर्मनीतला डोंगरी फौजी बँड ऐकायचाय – मदत हवी (जरा तातडीने)

औग्सबुर्गकर
नमस्कार मंडळी. आई-बाबा इकडे येताहेत. बाबा फौजेच्या बँडमध्ये होते, युफोनियम (ट्यूबासारखं पण लहान पितळी वाद्य) वाजवायचे, पचमढीला शिकलेले. कुणीतरी त्यांना व्हॉट्सॅपवर जर्मन पर्वतीय सैन्याच्या बँडचा व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून एकच धोशा: "किल्ले-बिल्ले नकोत, तो बँड दाखव." हिरव्या टोप्या, टोपीत पीस, चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या, मागे डोंगर. तिकीट कुठे मिळतं? दर रविवारी असतो का? दोन दिवस शोधतोय. एका पर्यटन कचेरीत फोन केला तर बाईंनी केबल कारचं वेळापत्रक ऐकवलं. कृपया माहिती असेल त्यांनीच लिहावं.

शंकासूर
कधी येताहेत? बँडचं नाव काय? व्हिडिओची लिंक?

औग्सबुर्गकर
नाव ठाऊक असतं तर धागा कशाला काढला असता? व्हिडिओ बाबांच्या फोनवर आहे.

कोल्हापुरी_ढोल
अहो, सरळ ऑक्टोबरफेस्टला न्या. प्रत्येक तंबूत बँड. आम्ही २०१७ ला गेलो होतो, घसा बसेपर्यंत गायलो.

औग्सबुर्गकर
बाबा माळकरी आहेत.

इसारकाठी
म्युनिकमध्ये चौदा वर्षं आहे, यांना चारदा ऐकलंय, म्हणून लिहितो. तुम्ही शोधताय ते गेबिर्ग्सम्युझिककोअर, म्हणजे पर्वतीय फौजेचा बँड, मुक्काम आल्प्सच्या पायथ्याचं गार्मिश-पार्टेनकिर्शन. जर्मनीची आजची सेना, बुंडेसवेअर, १९५५ मध्ये उभी राहिली. पुढच्याच वर्षी पहिली पर्वतीय डिव्हिजन आली. तिला आठवी डिव्हिजन धरायचे, म्हणून तिचा बँड 'हेअरेसम्युझिककोअर ८' (लष्करी बँड ८). डिव्हिजन २००१ मध्ये मोडली, बँड राहिला.

दर रविवारी वगैरे काही नसतं. ही मंडळी गावोगाव फिरतात. बहुतेक जाहीर कार्यक्रम मदतनिधीसाठी असतात आणि यजमान त्या त्या गावातलं कुणीतरी असतं. तिकीट त्या यजमानाकडे, कधी नुसतीच दारात दानपेटी. तारखा बुंडेसवेअरच्या संकेतस्थळावर लष्करी संगीताच्या पानावर बघा. शिवाय नव्या सैनिकांचा शपथविधी गावच्या चौकात असला की बँड असतो, तो फुकट.

पण तुमचं वर्णन जुळत नाही. यांची टोपी राखाडी, डाव्या बाजूला एडेलवाइसचं फूल. अंगात राखाडी स्की-जाकीट, खाली काळी, निमुळती होत बुटात जाणारी विजार. चामड्याची चड्डी फौजेत? व्हिडिओ पुन्हा बघा.

पितळी_गळा
बाबा युफोनियमवाले म्हणजे आपल्याच जातीचे (वाद्याच्या, हलके घ्या). त्यांना आधीच सांगून ठेवा, इथे सरळ पिस्टनचं युफोनियम शोधत बसतील तर निराशा. जर्मन बँडमध्ये टेनॉरहॉर्न आणि बॅरिटोन, अंडाकृती वळणाचे, रोटरी (फिरत्या) व्हॉल्व्हचे. ट्रम्पेटसुद्धा बहुतेक रोटरी, आडवा धरलेला. आवाज जाड, गोल, कडा नसलेला. फ्लुगेलहॉर्नची रांग सूर धरते आणि टेनॉरहॉर्न खालून प्रतिसूर देतात, तो ऐकायला मी कुठेही जाईन. अल्पहॉर्न वाजला तर पर्वणीच. साडेतीन मीटरच्या आसपास लांब लाकडी नळी, एकही व्हॉल्व्ह नाही, निसर्गानं दिले तेवढेच सूर. त्यातला अकरावा पियानोच्या कुठल्याच पट्टीवर बसत नाही. लोक म्हणतात बेसूर. बेसूर नाही हो, पियानो लबाड आहे.

कोल्हापुरी_ढोल
म्हणजे हार्मोनियमवर श्रुती शोधण्यासारखं. यावर वेगळा धागा काढा.

जुनी_पानं
सगळे एडेलवाइसवर खूश आहेत म्हणून लिहितो. हे फूल १९१५ मधलं. इटलीविरुद्ध डोलोमाइट्समध्ये लढायला गेलेल्या जर्मन आल्पेनकोअरला (पहिल्या महायुद्धातल्या पर्वतीय तुकडीला) ऑस्ट्रियानं दिलं. इथवर ठीक. पण तेच चिन्ह लावून दुसऱ्या महायुद्धातल्या पहिल्या पर्वतीय डिव्हिजननं १६ ऑगस्ट १९४३ ला ग्रीसमधल्या कोमेनो गावात तीनशेहून जास्त माणसं मारली, बायका-मुलांसकट. पुढच्याच महिन्यात केफालोनिया बेटावर शरण आलेले इटालियन सैनिक. टाळ्या वाजवताना हे माहीत असावं.

कोल्हापुरी_ढोल
झालं, धाग्याचा काश्मीर. माणूस वडिलांना बँड दाखवतोय राव. टेनॉरहॉर्ननं कुणाला मारलं?

जुनी_पानं
बँडनं मारलं असं मी म्हटलेलं नाही. चिन्ह एकच आहे, एवढंच.

इसारकाठी
जुनी_पानं यांचं म्हणणं खोटं नाही. नव्या सेनेनं जुन्या सेनेशी नातं तोडलं असं म्हटलं, तरी मिटेनवाल्डची बराक जनरल क्यूबलरच्या आणि फ्युसेनची जनरल डीटलच्या, म्हणजे हिटलरच्या सेनेतल्या सेनानींच्या, नावानं चालत राहिली. नावं बदलायला १९९५ उजाडलं. मिटेनवाल्डजवळच्या स्मारकावर दरवर्षी माजी सैनिक जमायचे, त्यावरून निदर्शनं झाली. स्थानिक लोक यावर अजून वाद घालतात. मी मात्र कार्यक्रमाला जातो.

शंकासूर
तारीख अजून आलेली नाही.

डोंगरवेडी
माझा एक बाळबोध प्रश्न. डोंगरी बँड म्हणजे ट्यूबा घेऊन हे चढतात का? पर्वतीय ब्रिगेडकडे बाड राइखेनहालला अजून खेचरं आणि हाफ्लिंगर घोडे आहेत म्हणे. ट्यूबा खेचरावर?

पितळी_गळा
खेचरांवर तोफांचे भाग आणि सामान, ट्यूबा माणसाच्याच मानेवर. बाय द वे, ट्यूबा बर्लिनचीच. लष्करी बँडमास्टर विप्रेष्ट आणि वाद्यं बनवणारा मोरित्स यांनी १८३५ मध्ये पेटंट घेतलं. याच विप्रेष्टनं १८३८ मध्ये त्सापफेनश्ट्राइख या लष्करी सांध्य-समारंभाला आजचा घाट दिला. आपल्या विजय चौकातल्या २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटचा लांबचा भाऊ. शब्दशः अर्थ पिंपाच्या बुचावरचा फटका: संध्याकाळी खानावळीतली विक्री बंद, सैनिकांनो छावणीत परता.

कोल्हापुरी_ढोल
माळकरी काकांना हे आवडेल!

औग्सबुर्गकर
काल बाबांशी व्हिडिओ कॉल केला, मग त्यांनी क्लिप पाठवली. फौजी टोप्या नाहीतच. पिसं, चड्ड्या, मधे एक निशाण आणि सगळ्यांच्या खांद्यावर जुन्या बंदुका. शेवटी एकत्र हवेत बार. आता हे कोण?

इसारकाठी
गेबिर्ग्सश्युत्सेन! फौज नव्हेच. बव्हेरियातल्या डोंगराळ गावांच्या जुन्या संरक्षक दलांची आजची नागरी पथकं, पारंपरिक वेशात. अशा कंपन्या चाळीसहून जास्त आहेत, संगीतपथकं साथीला. मोठा मेळावा मे महिन्याच्या सुरुवातीला असतो.

शंकासूर
म्हणून तारीख विचारत होतो.

औग्सबुर्गकर
विमान १९ मेला उतरतंय. परतीचं १५ जुलै.

शंकासूर
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर खेचरांपर्यंत गेलोच नसतो.

डोंगरवेडी
खेचरांनी काय घोडं मारलंय?

इसारकाठी
मेळावा हुकला, पण उन्हाळ्यात गावोगाव मिरवणुका असतात, तिथे या कंपन्या दिसतील. फौजी बँडची तारीख मिळाली तर तीच धरा. औग्सबुर्गहून गार्मिशला बव्हेरिया तिकिटावर (लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) जाता येतं. आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच.

औग्सबुर्गकर
बाबांना दोन्ही समजावून सांगितलं. म्हणाले, "पीस असो की फूल, कदम मिळत होते, तेवढं पुरे." आता नवीन फर्माईश: त्या रोटरी बॅरिटोनमधलं पाणी वाजवता वाजवता कसं काढतात, ते वाजवणाऱ्यालाच विचारायचंय. भेटू देतात का?

पितळी_गळा
कार्यक्रम संपला की वाद्यं पुसत, डब्यात भरत असतात तेव्हा गाठा. भाषा येत नसली तरी चालेल, बाबांना म्हणावं आपला माउथपीस खिशात ठेवा आणि दाखवा.

सुट्टीतला_प्रवासी
गार्मिशजवळच्या त्सुगश्पित्स शिखराची केबल कार घेणार असाल तर वर जाकीट न्या, जूनमध्येही बर्फ असतो.