शेवटी मरायचंच, तर नवीन शिकायचं कशाला?

रातकिडा: वडील गेले. त्यांची अर्धवट शब्दकोडी आवरताना वाटलं, माझंही असंच अर्धवट राहणार. मग धडपड कशासाठी? (उपदेश नको.)

खडूस आजोबा: ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणे, मरण येतं तेव्हा आपण नसतो. पटतं. पण मला धास्ती स्वतःच्या नाही, बायकोच्या मरणाची आहे. तिथे त्याचं उत्तर तोकडं पडतं. पंच्याहत्तरीत व्हायोलिन शिकतोय. भिकार वाजवतो. पण एखादा सूर लागला की त्याला पुढच्या वर्षाची गरज नसते.

साधीसरळ: सूर्यसुद्धा सुमारे ५ अब्ज वर्षांनी विझणार. टिकण्याचीच अट घातली तर कशालाच अर्थ उरत नाही. अटच चुकीची.

रातकिडा: आजोबा, शेजारी सहन करतात?

खडूस आजोबा: विचारतात, ‘अजून किती दिवस?’ म्हटलं, डॉक्टरांना विचारा.