मदत हवी आहे: गोव्याच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे दुकानदार परत करीत आहेत

पाणवठा (धागाकर्ता): नमस्कार. मी पणजीत राहतो. पर्यटकांसाठी छायाचित्रांची पोस्टकार्डे छापून विकण्याचा छोटा व्यवसाय मी यंदा सुरू केला आहे. आठ चित्रांची प्रत्येकी अडीचशे कार्डे छापून पाच दुकानांत ठेवली. महिनाभरात तिघांनी गठ्ठे परत केले. छायाचित्रांबद्दल कोणाचीही तक्रार नाही. नाताळ तोंडावर आला आहे, तेव्हा दुकानदारांची समजूत कशी घालावी आणि त्यांना किती कमिशन द्यावे, एवढेच सांगावे. छायाचित्रण कसे करावे याविषयी सल्ला नको.

तिसवाडीकर: कार्डाची किंमत, आकार, चित्रे कशाची आणि दुकाने कुठली, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. गठ्ठा परत करताना दुकानदार नेमके काय म्हणाला, तेही लिहावे.

पाणवठा: किंमत चाळीस रुपये, त्यातले दहा दुकानदाराला. आकार पाच बाय सात इंच. चित्रे मांडवीतली फेरीबोट, मंगेशीची दीपमाळ, तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ, फोंतेन्यांस या पणजीतल्या जुन्या वस्तीतली घरे अशी आहेत. दुकाने पणजीत आणि जुन्या गोव्यात आहेत. एक जण म्हणाला, "गिऱ्हाईक कार्ड परत आणून देते." मी घाईत होतो, म्हणून कारण विचारले नाही.

अंत्रुजकर: व्यवसाय सुरू करण्यापूर्वी जीएसटीचा विचार केला आहे काय? राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही; परंतु करपात्र माल परराज्यात पाठवू लागलात, तर ही सवलत राहत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते, तीही करून घ्यावी.

पाणवठा: अंत्रुजकरबाब, मी करांविषयी विचारलेले नाही.

सायंतारा: माझा अनुभव असा, की आजकाल पत्र कोणी लिहीत नाही. त्याच चित्रांचे फ्रिजवर लावायचे मॅग्नेट करा. मी मडगावात मॅग्नेट विकते आणि कार्डांपेक्षा तेच अधिक खपतात.

शाईवाला: मॅग्नेट बाजूला ठेवू. गिऱ्हाईक विकत घेतलेले कार्ड परत आणून देते, याचा अर्थ त्याला ते आवडले होते आणि नंतर काहीतरी बिघडले. माझा छपाईचा धंदा आहे, म्हणून विचारतो: कागद कोणता, लॅमिनेशन (वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा) आहे काय, आणि असल्यास एका बाजूला की दोन्ही?

पाणवठा: तीनशे जीएसएमचे (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचे) आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत जाड कागद, आहे. दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन आहे. याचा कमिशनशी काय संबंध?

शाईवाला: त्या कार्डाच्या मागच्या बाजूला बॉलपेनने चार ओळी लिहा आणि अंगठा फिरवा. नंतर टपालाचे तिकीट पाणी लावून चिकटवा. प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर शाई वाळत नाही, पाणी लावायच्या तिकिटाचा डिंक धरत नाही, आणि टपालाचा शिक्काही पुसला जातो. लिहिता येत नसेल तर ते पोस्टकार्ड कसले?

दीपस्तंभ: सोपा उपाय आहे. पुढच्या वेळी लॅमिनेशन फक्त चित्राच्या बाजूला करून घ्यावे, मागची बाजू कोरी राहील.

शाईवाला: दीपस्तंभबाब, हा उपाय कोरड्या प्रदेशात चालेल. गोव्याच्या पावसाळी हवेत मागचा उघडा कागद ओल शोषून पसरतो, पुढचा पापुद्रा पसरत नाही, आणि कार्ड पापडासारखे वळते. या छापखान्याने बहुधा त्याच भीतीने दोन्ही बाजू मढवल्या असाव्यात. लॅमिनेशनच टाळावे. एकाच बाजूला कोटिंग (गुळगुळीत लेप) असलेला बोर्ड घ्यावा, चित्राच्या बाजूला पाण्यावर आधारित वॉर्निश द्यावे आणि मागची बाजू तशीच ठेवावी.

दीपस्तंभ: माझी एका बाजूला मॅट लॅमिनेशन केलेली कार्डे तीन पावसाळे सरळ राहिली आहेत.

शाईवाला: ती बंद पेटीत होती की दुकानाच्या दारातल्या स्टँडवर?

दीपस्तंभ: पेटीत होती, हे मान्य करतो.

तिसवाडीकर: आकाराचाही विचार करावा. सरकारी पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे असते. आपले जवळजवळ १८ बाय १३ आहे. ते देशात पाठवायचे तर पत्राचे पाच रुपयांचे तिकीट लावण्यास गिऱ्हाइकाला सांगावे. माझ्या दुकानातला स्टँड सहा बाय चार इंचांच्या कार्डांसाठी केलेला आहे, आपली कार्डे त्यात बसणार नाहीत. कमिशनचे म्हणाल, तर मी निम्मी किंमत घेतो आणि न खपलेला माल परत देतो. जागा माझी आणि धूळ झटकणेही माझेच, म्हणून चाळीसपैकी दहा रुपये कमीच वाटतात.

मळेकरीण: फोंतेन्यांसच्या चित्रांत माणसे आहेत काय? आमच्या गल्लीत परक्यांचे कॅमेरे दारात येऊन येऊन लोक कंटाळले आहेत. इमारतीचे छायाचित्र छापल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही, तशी तरतूद १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. परंतु बालकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसलेल्या आजीचा चेहरा विकायचा असेल तर तिला आधी विचारायला हवे.

पाणवठा: एका चित्रात खिडकीतली बाई आहे. मी विचारले नव्हते. ते चित्र काढून घेतो. शाईवालाबाब, पेनचा प्रयोग केला. शाई अंगठ्याला लागली आणि तिकीट तासाभरात सुटले. मी आजवर स्वतःचे एकही कार्ड लिहून पाहिले नव्हते. शिल्लक तेराशे कार्डांचे काय करावे?

सायंतारा: मॅग्नेट.

शाईवाला: मागच्या बाजूला बसेल एवढे, कोटिंग नसलेल्या कागदाचे चिकट लेबल छापून लावता येईल. आधी दहाच कार्डांना लावा. त्यांतले एक स्वतःच्या पत्त्यावर टाका, आणि ते कसे येते ते पाहून मगच उरलेल्यांवर खर्च करा.

पाणवठा: पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयातून सोमवारी एक टाकले, गुरुवारी घरी आले. तिकीट जागेवर आहे, शिक्का वाचता येतो, लेबलाचा एक कोपरा मात्र उचलला आहे. दुकानदाराला हे चाळीसलाच द्यावे काय?

तिसवाडीकर: किंमत तीस ठेवा आणि त्यातले पंधरा मला द्या. कोपरे नीट दाबून, खिडकीतली बाई वगळून पन्नास कार्डे पाठवा.