गेम स्वतः न खेळता नुसता बघता का? तुमचा अनुभव लिहा

राजारामपुरी (धागा सुरू करताना)

माझ्याकडे प्लेस्टेशन नाही आणि लॅपटॉप ऑफिसचा आहे. तरीही 'रेड डेड रिडेम्प्शन २'मधल्या व्हॅलेंटाइन गावाच्या रस्त्यावर किती चिखल असतो, त्याचा नायक आर्थर मॉर्गनचा खोकला कसा वाढत जातो, हे मला घरच्या माणसाचं ठाऊक असावं तसं ठाऊक आहे. सगळा गेम मी दुसऱ्याच्या हातून बघितला, म्हणजे तो खेळतानाचे व्हिडिओ. रात्री जेवणं उरकली की तासभर, असा कित्येक आठवडे. संपला त्या रात्री झोप आली नाही.

हे कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "मग खेळत का नाहीस?" मला बघण्यातच पुरेपूर मिळतं, आणि असं वाटणारे आपल्या कोल्हापुरात बरेच असणार याची खात्री आहे, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. २००५ च्या पुढेमागे 'समथिंग ऑफुल' या अमेरिकी संकेतस्थळावर लोक गेमचे स्क्रीनशॉट टाकून खाली स्वतःची टिप्पणी लिहायचे. 'लेट्स प्ले' हे नाव तिथून रुळलं. मग व्हिडिओ आले, २०११ मध्ये गेम खेळताना थेट दाखवायचं ट्विच हे संकेतस्थळ सुरू झालं, २०१४ मध्ये अमेझॉननं ते ९७ कोटी डॉलरना घेतलं. आपल्याकडे खरा फरक पडला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. महिन्याला एक जीबीत भागवणाऱ्यानं चाळीस भागांची मालिका कशी बघायची?

तर लिहा. कुठला गेम बघितला, कुणाबरोबर बघितला, काय मनात राहिलं. शेवट सांगणार असाल तर आधी एक ओळ टाकून सावध करा.

मंगळवार पेठ

भावा, हे आम्ही जिओच्या आधी पंचवीस वर्षं करतोय. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक रुपयाचं कॉइन ज्याच्याकडं तो खेळणार आणि बाकीचे सात-आठ जण मागं उभे. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे कॅपकॉमच्या त्या १९९३ च्या गेमचं खरं नाव मला पुढं कधीतरी कळलं. आमच्यासाठी तो 'मुस्तफा'. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा घ्यायचा, पळत जाऊन लाथ घालायची. कुठला पिंप फोडला की खायला मिळतं, कुठल्या बॉसच्या अंगावर कधी जायचं नाही, हे मागं उभारलेल्यांना खेळणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असायचं. आमच्यातल्या एकाजवळ कधीच पैसे नसायचे, पण त्याला विचारल्याशिवाय शेवटच्या लेव्हलला कुणी हात लावत नव्हता.

शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, १९१२ पासून तिथं कुस्त्या होतात. मैदानाला बसलेल्या हजारो माणसांना 'तुम्ही का लढत नाही' असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट तिथला एखादा म्हातारा मांडी ठोकायच्या आधी सांगतो, आता हा पट काढणार. बघून बघूनच ती नजर येते. गेमचंही तसंच हाय.

आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की जुने गेम लावतो, कुणी न बोलणारे. आवाज तेवढा मोठा ठेवतो.

कसबा बावडा

'गॉड ऑफ वॉर' (२०१८). शेवट सांगतोय, ज्यांना बघायचाय त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

बाबा गेल्यानंतर घरात संध्याकाळ जड जायची. आई मालिका बघायची बंद झाली, मी मोबाइल घेऊन कोपऱ्यात. एकदा टीव्हीवर यूट्यूब लावून हा गेम सुरू केला. नो कॉमेंट्री, म्हणजे खेळणारा मध्ये बोलत नाही असा, खाली इंग्रजी सबटायटल. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "त्या पोराची आई गेली व्हय रं?"

गोष्ट अशी आहे की क्रेटॉसची बायको वारली आहे. तिची शेवटची इच्छा, राख सगळ्यात उंच शिखरावरून सोडावी. बाप आणि लहान पोरगा ती राख पिशवीत घालून निघतात. वाटेत राक्षस, देव, बर्फ. बाप धड बोलत नाही, पोराला नावानं हाकसुद्धा क्वचित मारतो.

आम्ही पंचगंगेवर जाऊन आलो होतो. आईला यातलं काही समजावून सांगायला लागलं नाही. मी सबटायटल वाचून आपल्या भाषेत सांगायचो आणि ती भाजी निवडत ऐकायची. मारामारी आली की म्हणायची, "ते पळव पुढं." बोलणं आलं की हात थांबायचे.

सुरुवातीलाच एक जागा आहे. पोरगा हरणाची शिकार करतो, हादरलेला असतो. बाप त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलतो. हात मध्येच थांबतो, मग तो मागं घेतो. दोन-तीन सेकंदांचं काम. आई म्हणाली, "ठेवला असता तर काय बिघडलं असतं?" आणि मग बाबांबद्दल बोलायला लागली. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते असेच दारात घुटमळून परत गेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढं रोज नऊला तीच हाक मारायची, "लाव रं, थांब, मी आलोच." शेवटी ते दोघं मिळून राख वाऱ्यावर सोडतात. आई तोपर्यंत विचारत होती, "अजून पोचले नाहीत?" पोचल्यावर बराच वेळ गप्प होती.

मी खेळत असतो तर माझं सगळं ध्यान कुऱ्हाडीवर आणि बटणांवर राहिलं असतं आणि आई माझ्या पाठीकडे बघत बसली असती. इथं दोघांच्याही हातात काही नव्हतं, म्हणून दोघांनी सारखंच बघितलं.

शिवाजी पेठ

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

गोकुळ शिरगाव

मी जरा वेगळं लिहितो. बघण्याला माझा विरोध नाही, मीही बघतोच. पण एक गेम असा भेटला की बघून अर्धाच कळला.

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच', २०१७ चा. एका घराण्यातली माणसं एकेक करून कशी गेली याच्या गोष्टी आहेत. त्यात लुईस नावाचा पोरगा मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला असतो. मासा आला, उचलायचा, पात्याखाली धरायचा, डोकं उडालं की पट्ट्यावर टाकायचा. पुन्हा पुढचा मासा. हे करता करता त्याच्या डोक्यात एक राज्य उभं राहतं, तो तिथला राजा होतो.

मी कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर आहे. जॉब लावायचा, क्लॅम्प आवळायचा, सायकल स्टार्ट, दार उघडायचं, जॉब काढायचा, गेज लावून बघायचा. तिसऱ्या पाळीत हात आपोआप चालतात आणि डोकं कुठंतरी गावाकडं असतं. व्हिडिओ बघताना वाटलं, हे आपलंच आहे. कॉमेंट्री करणारा मात्र पूर्ण वेळ बडबडत होता.

मग मित्राच्या लॅपटॉपवर तेवढा भाग स्वतः खेळलो. उजव्या हातातल्या माउसनं मासे कापायचे आणि त्याच वेळी डाव्या हातानं, कीबोर्डवर, त्या स्वप्नातल्या माणसाला चालवायचं. आधी दोन्ही जमत नाही. मग उजवा हात सवयीनं मासे कापायला लागतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. स्वप्न पडद्यावर मोठं मोठं होत जातं, कारखाना दिसेनासा होतो, हात चालूच. अंगावर काटा आला. बनवणाऱ्यानं जे सांगायचं होतं ते आपल्या हातातून सांगितलं होतं, डोळ्यांना ते दिसणार कसं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बघताना एखादी जागा काळजाला लागली, तर तेवढी तरी एकदा खेळून बघा.

हुपरी

आमच्याकडे घरोघरी चांदीचं काम. मी पैंजणांना घुंगरू जोडते, नजर हातातल्या कामावर, म्हणून गेम 'ऐकते' म्हणा ना. 'स्टारड्यू व्हॅली'चे लांबच लांब व्हिडिओ. एका माणसानं, एरिक बरोननं, एकट्यानं बनवलेला गेम (२०१६). त्यात ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू पालटला की शेतातलं उभं पीक वाळून जातं. खेळणारी बाई बोलत असते, आज काय पेरलं, पाणी घातलं का. मध्येच मान वर करून बघितलं की भोपळे आलेले असतात. छान वाटतं. बस्स.

शाहूपुरी

मला आमवात आहे. सकाळी बोटं मिटत नाहीत. कॉलेजात असताना 'मारिओ'वर माझा हात बसला होता, मैत्रिणी भोवती जमायच्या. आता दहा मिनिटं कंट्रोलर धरला तर संध्याकाळी पोळी लाटता येत नाही.

मी स्पीडरन बघते, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यती. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' २०२१ मध्ये निफ्टस्की नावाच्या खेळाडूनं पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला. त्याच्या आतली गंमत मला फार आवडते. बऱ्याच लेव्हलना पुढे सोडायचं की नाही हे तो गेम दर २१ फ्रेमनाच (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र) तपासतो, म्हणजे सेकंदाच्या साधारण एकतृतीयांशाला. मधल्या मध्ये थोडं लवकर पोचलात तर काही फायदा नाही, वाट बघावीच लागते. पण अख्ख्या २१ फ्रेम वाचवल्या तर एक पायरी वर. चाळीस वर्षं जुन्या गेममध्ये माणसं अजून अशा फटी शोधतात.

कुठली उडी किती अवघड आहे हे माझ्या बोटांना अजून आठवतं. त्यामुळे मी नुसती बघत नाही, दर उडीला माझा अंगठा हलतो. 'गेम्स डन क्विक' नावाचा स्पीडरन करणाऱ्यांचा मेळा २०१० पासून भरतो, त्यात असे गेम खेळून धर्मादाय संस्थांसाठी पैसे जमवतात. तो मी दरवेळी जागून बघते.

नागाळा पार्क

मुलगा दहा वर्षांचा. तो खेळतो कमी, बघतो जास्त. टेक्नो गेमर्स, मिथपॅट ही गेमवाल्या यूट्यूबरांची नावं आमच्या जेवणाच्या टेबलावर असतात. मला काळजी वाटते ती ऑटोप्लेची, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो त्याची. माइनक्राफ्ट लावून दिलेलं असतं, अर्ध्या तासानं जीटीए चालू. तो गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, बघणाऱ्यालाही तोच नियम हवा असं माझं ठाम मत आहे. आता फोन काढून घेतलाय, बघायचं तर हॉलमधल्या टीव्हीवर. मीही बसते. माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोननं (तिथल्या विजेसारख्या वस्तूनं) दार कसं उघडतं ते त्यानं मला समजावलं, आणि खरंच नीट समजावलं.

उचगाव

इंजिनिअरिंगला आहे, हिशेब सांगतो. पीएस५ (प्लेस्टेशन ५) फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. वर नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात. 'रेड डेड २'ला पीसीवर १५० जीबी जागा लागते. आमच्या रूमवरच्या कुणाच्याच मशीनमध्ये तेवढी मोकळी नाही. म्हणून आम्ही सहा जण मिळून बघतो.

त्यात सगळ्यात भारी 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन'. गोष्ट २०३८ ची. पहिल्याच प्रकरणात एका यंत्रमानवानं लहान मुलीला गच्चीच्या काठावर धरलंय आणि दुसरा यंत्रमानव, कॉनर, त्याची समजूत काढायला गेलाय. प्रत्येक पर्यायाला आम्ही व्हिडिओ थांबवतो आणि हात वर करून मत घेतो. खेळणाऱ्यानं आमच्या उलट केलं की ओरडाआरडा. मग दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ शोधायचा, ज्यानं आमच्यासारखं केलंय. प्रकरण संपलं की गेम फांद्यांचा नकाशा दाखवतो, कुठली वाट घेतली, कुठल्या बंद राहिल्या. एकट्यानं खेळून एक वाट दिसली असती. आम्ही भांडून भांडून पाच-सहा बघितल्या.

पण एक गोष्ट मला गंभीरपणे मांडायचीय. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा २०१६ चा गेम एका आईबापानं आपल्या कॅन्सरनं गेलेल्या मुलाबद्दल बनवला. लाखो लोकांनी तो बघितला, विकला गेला फारच थोडा, आणि बनवणाऱ्यांनी ते उघडपणे लिहिलं. गोष्टच सगळं असलेला छोटा गेम बघून संपला की विकत कोण घेणार? मोठ्या कंपन्यांना आपल्या बघण्यानं जाहिरात मिळते, छोट्यांचं पोट मात्र विक्रीवर असतं. म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' (२०२०) आवडल्यावर आम्ही वर्गणी काढून सेलमध्ये घेतला.

राजारामपुरी

उचगाव, हे अगदी पटलं. धागा सुरू करतानाच मी हे लिहायला हवं होतं, इतकं महत्त्वाचं आहे. मीही यापुढे छोट्या मंडळींचे गेम आधी घेणार, मग बघणार.

गडहिंग्लज

बावड्याच्या दादांचं वाचून विचारतेय. माझ्या सासूबाई दिवसभर एकट्या असतात, डोळे ठीक आहेत, इंग्रजी येत नाही. त्यांच्यासोबत बघण्यासारखं काय आहे? रक्त फार नको.

कसबा बावडा

मग 'गॉड ऑफ वॉर' नकोच, त्यात बरंच आहे. वर आलेला 'राजी' लावा. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात, भाऊ गोलूला पळवतात, आणि बहीण त्याला शोधायला निघते. गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात, मध्ये छाया-बाहुल्यांच्या खेळासारखी चित्रं येतात, महाल राजस्थानी धाटणीचे. चार-पाच तासांत संपतो. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहेत, तोच व्हिडिओ शोधा, म्हणजे तुम्हाला वाचून सांगत बसायला नको. नो कॉमेंट्री लिहिलेलं बघून घ्या. आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासावर थांबा, पुढचं काय झालं ते त्यांनाच विचारू दे.