शब्दचर्चा : ‘अमूर्त निसर्गचित्र’ हा वदतोव्याघात आहे का?

प्रश्न : चिनी-फ्रेंच चित्रकार झाओ वू-की यांच्यावर मराठीत लेख लिहिते आहे. जन्म 1920, पेकिंग (आताचं बीजिंग). शिक्षण हांगझोऊच्या कलाशाळेत. 1948 पासून पॅरिस. त्यांच्या चित्रांत हा डोंगर, हे झाड असं बोट ठेवता येत नाही, पण वारा आणि धुकं अंगावर येतं. मी ‘अमूर्त निसर्गचित्र’ लिहिलं. संपादक विचारतात, निसर्गचित्र आहे तर अमूर्त कसं?

– ‘अमूर्त’ ठेवाच. ‘मूर्त’ आलं ‘मूर्च्छ्’ धातूवरून, आणि त्याचा एक अर्थ घट्ट होणं, थिजणं. (मूर्च्छाही तिथलीच.) मूर्त म्हणजे थिजून आकाराला आलेलं, अमूर्त म्हणजे न थिजलेलं. पातळ तूपही तूपच असतं. झाओंचा डोंगर तसा आहे, अजून न थिजलेला. इंग्रजी ‘ॲब्स्ट्रॅक्ट’च्या मुळाशी ओढून वेगळं काढणं आहे, चिनी ‘चोउश्यांग’मध्येही प्रतिमा बाहेर ओढणं. आपल्या शब्दात ही ओढाताण नाही, म्हणून तो इथे जास्त शोभतो.

– पण आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे स्वतःच्या चित्रांना ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (कुठल्याच वस्तूचं चित्र नसलेलं) म्हणत. मराठीत आपण दोन्हींना अमूर्तच म्हणतो!

– खरं आहे. गायतोंड्यांसाठी ‘अप्रतिरूप’ जवळचा वाटतो. झाओंना तो लावू नये, त्यांच्याकडे निसर्ग आहेच. मला खटकतं ते ‘निसर्गचित्र’. ते म्हटलं की समोर एखादं स्थळ उभं राहतं: घाट, नदी, काठावरचं देऊळ. चिनी शब्द आहे ‘शानश्वेइ’, म्हणजे डोंगर-पाणी. त्या चित्रात पाहणारा एका जागी खिळलेला नसतो, नजर वाट चालत जाते. आणि कोरा सोडलेला कागदच धुकं होतो, पाणी होतो. झाओ तैलरंग पातळ करून हेच साधतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा शाईच्या चित्रांकडे वळले, तेही लेखात यायला हवं.

प्रश्नकर्ती : मग ‘अमूर्त डोंगर-पाणी’?

– पहिल्यांदा ‘शानश्वेइ, म्हणजे डोंगर-पाणी’ असं उलगडून सांगा, पुढे ‘अमूर्त शानश्वेइ’ बिनधास्त वापरा. ‘निराकार’ मात्र नको, त्याला लगेच अभंगाचा वास येतो. आणि चित्रांना मराठी नावं देऊ नका. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून झाओ बहुतेक चित्रांना नाव म्हणून फक्त तारीख देत. ‘29.01.64’ हे तसंच छापा.